मिरगाचा कोंबा : खुराड्यापासून पानापर्यंत

जूनच्या 7 किंवा 8 तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि तळकोकणातील शेतकऱ्याचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते. सिंधुदुर्गात व त्याला लागून असलेल्या गोव्याच्या उत्तर भागात या सुमारास शेताच्या राखणदाराला कोंबा देण्याची चाल आहे. राखण आटोपली की त्याच कोंब्याचा रस्सा व वडे असे जेवण घरोघर होते. गावठी कोंब्याचे भाव त्या आठवड्यात चढलेले असतात. म्हणून मिरगाचा कोंबा घरचाच असावा, असे प्रत्येक गृहिणीस वाटते. पण नेमक्या चैत्र-वैशाखात रोगाची साथ येते आणि खुराडे रिकामे होते.

घरचा कोंबा हवा असेल तर त्याची तयारी दिवाळीनंतर लगेच करावी लागते. गावठी नर कापण्याजोगा होण्यास पाच ते सहा महिने लागतात. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवून ती रवणीवर बसवली म्हणजे एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. कार्तिकात बसवलेल्या कोंबडीची पिले मार्गशीर्षाच्या सुमारास हिंडू-फिरू लागतात. हवा कोरडी असते, मळणीनंतरचे दाणे अंगणात सांडलेले असतात. पावसाळ्यातील पिलांपेक्षा ही पिले अधिक संख्येने जगतात, हा अनुभव जुन्या बायकांना चांगला ठाऊक आहे. कण्या, कोंडा आणि वाळवी एवढ्यावर ती वाढतात. घार व मुंगूस यांच्यापासून पहिला महिनाभर मात्र त्यांना जपावे लागते.

खरा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. हा विषाणूजन्य असून लागण झाल्यावर त्यावर औषध नाही. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट शेण टाकते, आणि चार-सहा दिवसांत सारे खुराडे ओस पडते. प्रतिबंधक लस हाच उपाय होय. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच लस, आणि आठ आठवड्यांनंतर आर टू बी लसीचे टोचण, असा क्रम असतो. टोचणीपूर्वी आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. अडचण अशी की, लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते व विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. वाडीतील सर्वांनी एक संध्याकाळ ठरवून, पक्षी खुराड्यात शिरल्यावर, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरण उरकले तर कुपी वाया जात नाही.

बाजारातून आयत्या वेळी आणलेला कोंबाही रोग घेऊन येतो. तो घरच्या पक्ष्यांत सोडू नये. निदान दोन आठवडे निराळा बांधावा. साथ दिसू लागताच "मरण्यापूर्वी कापून खाऊ" असा विचार अनेक घरांत होतो. तो घातक आहे. आजारी पक्ष्याची पिसे, रक्त व धुण्याचे पाणी यांतूनच रोग शेजारच्या खुराड्यात जातो. शिवाय ही मानमोडी की बर्ड फ्लू, हे घरी ओळखता येत नाही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. एकाएकी बरेच पक्षी मेले तर दवाखान्यास तत्काळ कळवावे.

आता प्रत्यक्ष कापणीविषयी. कोंबा रात्रीच, अंधारात, खुराड्यातून अलगद काढावा. सकाळी पोरांनी अंगणभर पळवलेला कोंबा घाबरतो आणि त्याचे मांसही चिवट होते. रात्रभर दाणा देऊ नये, पाणी ठेवावे. भरलेले आतडे फुटले की सारे मांस नासते. धारदार सुरी, घट्ट धरलेला पक्षी आणि एकच काप, एवढ्याने त्याचा जीव लवकर जातो. बोथट कोयतीने काम करणे ही निर्दयता आहे. रक्त पूर्ण निथळू द्यावे. पिसे सोलण्यासाठी पाणी कढत असावे, उकळते नसावे. उकळत्या पाण्याने कातडी शिजून फाटते. उरलेली बारीक लव जाळावर होरपळून काढतात, ती पद्धत उत्तम. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. काळजावर पांढरे ठिपके किंवा सूज दिसल्यास तो पक्षी खाऊ नये. औषध चालू असलेला पक्षी पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस लोटल्यावाचून कापू नये.

मृगाच्या दमट हवेत मांस लवकर बिघडते, म्हणून ते लगेच चुलीवर चढवावे. सहा महिन्यांच्या कोंब्यास मंद आच व पुरेसा वेळ लागतो. कच्च्या मांसाचा विळा खोबरे किंवा कोथिंबीर चिरण्यास तसाच वापरू नये. हात साबणाने धुवावेत. पिसे व आतडी कुत्र्यांपुढे न टाकता माडाच्या आळ्याबाहेर हातभर खोल खड्ड्यात, वर चुना भुरभुरून पुरावीत.