ताप उतरला, म्हणजे आजार गेला का?

पावसाळ्याच्या दिवसांत दवाखान्यातील बाकावर दोन प्रकारचे रुग्ण शेजारी शेजारी बसलेले आढळतात. एका बाजूला सकाळपासून अंग थोडे गरम असलेले मूल असते. त्याचे नाक वाहत असते, परंतु ते खुर्चीवर चढ-उतार करण्यात रमलेले असते. धास्तावलेले असतात ते पालक. दुसऱ्या बाजूला पाच दिवस ताप अंगावर काढून आलेली गृहिणी असते. ‘काल ताप उतरला होता, म्हणून आले नाही,’ असे सांगताना तिला धड बसवतही नसते. त्या मुलाला त्या दिवशी डॉक्टरांची फारशी गरज नव्हती. गृहिणीला मात्र ती आदल्या दिवशीच होती. दोन्ही घरांनी निर्णय घेतला तो केवळ तापाकडे पाहून.

डॉक्टरांकडे केव्हा जावे हे ठरवताना तापापेक्षा रुग्णाकडे पाहावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आकड्याची मर्यादा

ताप हा स्वतः आजार नव्हे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले ते उत्तर आहे. १०२ अंश ताप असलेले मूल औषधानंतर हसत-खेळत असेल, पाणी पीत असेल, तर फार घाबरण्याचे कारण नसते. उलट १०० अंश तापातही जे मूल मलूल पडून राहते, हाक मारली तरी नीट पाहत नाही, त्याची काळजी अधिक.

काहींच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश किंवा अधिक ताप आल्यास त्याला ताबडतोब दाखवावे. गर्भवती, मधुमेही, मूत्रपिंडाचे विकार असलेले, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांनीही पहिल्याच दिवशी यावे. वृद्धांना गंभीर संसर्गातही ताप फारसा चढत नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवेनासे झाले, तर तेच लक्षण समजावे.

घरी थांबायचे असेल तर

सर्दी, घसादुखी, अंगदुखी यांसह येणारा साधा विषाणुजन्य ताप बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो. रुग्ण एरवी निरोगी असेल आणि पुढे सांगितलेली धोक्याची चिन्हे नसतील, तर पहिले दोन दिवस घरी थांबण्यास हरकत नाही. विश्रांती, पेज, वरणाचे पाणी, ताक, शहाळे, ओआरएस आणि पॅरासिटामॉल एवढे पुरते. मुलांना पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चारपेक्षा अधिक मात्रा देऊ नयेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नये.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पावसाळी तापात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.) मागच्या आजारातील उरलेली प्रतिजैविकेही घेऊ नयेत. विषाणूंवर त्यांचा उपयोग होत नाही, आणि टायफॉइडसारखा आजार असेल तर तपासणीत तो सापडणे कठीण होते.

एका वहीत वेळ, ताप, दिलेले औषध, प्यालेले पाणी आणि लघवीच्या खेपा लिहून ठेवाव्यात. अशा नोंदीवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. तिसऱ्या दिवशीही ताप कायम असेल तर दवाखान्यात यावे. हुडहुडी भरून ताप येत असेल तर तेवढेही थांबू नये. मलेरियासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यूची सर्वांत फसवी बाब हीच. बहुसंख्य रुग्ण त्यातून सुखरूप बरे होतात. परंतु ज्यांची प्रकृती बिघडायची असते, त्यांची ती बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान बिघडते. या काळात केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब खालावतो. धोक्याचा हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. घरातील मंडळी मात्र नेमकी याच वेळी निश्चिंत होतात. मूल शाळेत जाते, गृहिणी ओट्यापाशी उभी राहते.

खरे बरे होणे ओळखता येते. भूक परतते, लघवी भरपूर होते, चेहऱ्यावर तरतरी येते. ताप गेला आणि थकवा मात्र वाढला, तर ते बरे होणे नव्हे. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, उठताच भोवळ येणे, कमालीची अस्वस्थता किंवा सुस्ती यांपैकी एकही चिन्ह दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. प्लेटलेटचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नाडी, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा यांनाही तितकेच महत्त्व आहे.

साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. उंदीर व जनावरांच्या मूत्रातील हे जंतू पायाच्या जखमांतून शिरतात. भातखाचरात राबणाऱ्यांनाही त्यांचा धोका असतो. ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो. तोवर त्या पाण्याचा विसर पडलेला असतो. तापासह पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे आणि पाण्यातून चालल्याचे आपणहून सांगावे. वेळीच निदान झाल्यास साध्या प्रतिजैविकांनी हा आजार आटोक्यात येतो.

क्षणाचाही विलंब नको

• श्वास लागणे, ओठ निळसर पडणे किंवा श्वास घेताना मुलाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे.
• मूल शांत असताना मोजलेले श्वास मिनिटाला इतके किंवा अधिक असणे : दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०.
• झटके, शुद्ध हरपणे, मान ताठ होणे.
• काहीही पोटात न टिकणे, किंवा आठ तासांत लघवी न होणे.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक विनंती. घरातील प्रत्येकाचा ताप मोजणारी व्यक्ती स्वतःचा ताप बहुधा कुणाला सांगत नाही. एका दिवसाची मजुरी बुडेल, मुलांचा डबा राहील, पाहुणे यायचे आहेत, अशी कारणे तिच्यापाशी असतात. तेव्हा वहीत एक पान तिच्याही नावाचे असावे, आणि ते इतरांनी भरावे. रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि सोबत कोण जाणार, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवावे.