उद्घाटनाला हवा कोरडी हवी

पिळर्ण येथील ‘म्युझियम ऑफ गोवा’ रसिकांसाठी खुले झाले ते २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये; कोचीच्या पहिल्या बिएनालेचे उद्घाटन १२ डिसेंबर २०१२ रोजी झाले. समुद्रकाठी पावसाळा सरल्यावर कलेचा मोसम सुरू होतो, यामागे पर्यटक असतातच. पण चित्रांच्या दृष्टीनेही हाच काळ हिताचा. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, की कागदावर बुरशी धरू लागते. कोकण-गोव्यात पावसाळ्यात ती बहुधा याहून अधिकच असते.

चित्रांची खरी परीक्षा मात्र उद्घाटनाच्या सायंकाळीच होते. दारे सताड उघडी, दालनात गर्दी, भाषणे लांबलेली (ती लांबतातच!). माणसांच्या श्वासानेही ओलावा वाढतो. पाहुणे गेल्यावर वातानुकूलन बंद झाले, तर हवा पुन्हा पालटते. अशा चढउतारांनी कॅनव्हासचा ताण बदलून रंगाच्या थराला तडे जाऊ शकतात.

वैद्यकी सोडून कलेकडे वळलेले, या संग्रहालयाचे संस्थापक सुबोध केरकर यांनी शिंपले आणि जुन्या होड्यांपासूनही कलाकृती घडविल्या. असे साहित्य खारा वारा बऱ्यापैकी सोसते. जलरंगातील चित्राला ती सवलत नाही. त्यामुळे चौकट बाहेरच्या ओलसर भिंतीला न टेकवता मागे थोडी फट ठेवणे आणि आर्द्रतामापकाची रोज नोंद घेणे, ही कमी खर्चाची कामे लहान संग्रहालयांनाही करता येतात. बुरशीचे डाग एकदा उमटले, की ते पूर्णपणे निघतीलच असे नाही.