टाइपरायटरची वरची ओळ आणि इंग्रजीतील लांब शब्द

इंग्रजी शब्दकोड्यांच्या शौकिनांत एक जुना प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारला जातो: वर्णमालेतील काही मोजकीच अक्षरे वापरायची, किंवा काही अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, अशी अट घातली तर इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता सापडेल? वरवर पाहता हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग वाटतो. मात्र अशा शब्दांची उत्तरे शेजारी शेजारी मांडली, की इंग्रजी शब्दांची लांबी मूळ धातूंपेक्षा त्यांना जोडल्या जाणाऱ्या उपसर्ग-प्रत्ययांतून येते हे स्पष्ट होते. आणि म्हणून एखाद्या अक्षरसंचातून किती लांब शब्द निघेल हे त्या संचात अक्षरे किती आहेत यापेक्षा त्यांतून कोणते प्रत्यय जुळतात यावर ठरते.

याचे सर्वांत सोयीचे उदाहरण टाइपरायटरच्या कळपट्टीवर मिळते. अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या ख्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेले आणि रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये बाजारात आणलेले यंत्र आजच्या कळपट्टीचे पूर्वज मानले जाते. तिच्या वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ आणि पी ही दहा अक्षरे असून इंग्रजीच्या पाच स्वराक्षरांपैकी ‘ए’ वगळता चारही तेथे आहेत. केवळ या ओळीतून खुद्द ‘टाइपरायटर’ हा दहा अक्षरी शब्द लिहिता येतो. विक्रेत्यांना तो गिऱ्हाइकासमोर झटपट उमटवून दाखवता यावा म्हणून अक्षरे तशी लावली, ही कथा लोकप्रिय असली तरी पुराव्याने सिद्ध झालेली नाही. ‘प्रोप्रायटर’ आणि ‘पर्पेच्युइटी’, म्हणजे शाश्वतता, हे शब्दही याच ओळीतले व दहाच अक्षरांचे आहेत. ‘प्रो’ आणि ‘पर’ हे लॅटिनमधून आलेले उपसर्ग तसेच ‘अर’, ‘ऑर’ व ‘इटी’ हे प्रत्यय या एकाच ओळीत जमत असल्यामुळे हे घडते. मधल्या ओळीत स्वर म्हणून एकटे ‘ए’ असल्याने ‘अल्फाल्फा’, म्हणजे आपल्याकडील लसूणघास, यासारखे शब्द हाती लागतात; खालच्या ओळीत तर एकही स्वर नाही.

याहून बोलके उदाहरण दोन हातांचे आहे. दहा बोटांनी टंकलेखन करण्याच्या पद्धतीत डाव्या हाताकडे ‘ए’ आणि ‘ई’ ही दोनच स्वराक्षरे येतात, तर उजव्या हाताकडे यू, आय, ओ ही तीन आणि शिवाय स्वरासारखे वापरले जाणारे ‘वाय’ येते. त्यामुळे लांब शब्द उजव्या हाताने निघावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र डावा हात ‘स्ट्यूअर्डेसेस’ (हवाई सुंदरी) आणि ‘रिव्हर्बरेटेड’ (घुमला) असे बारा अक्षरी शब्द एकट्याने लिहितो, तर उजव्या हाताची मजल ‘पॉलिफनी’ या बहुस्वर संगीताच्या नऊ अक्षरी नावापर्यंत जाऊन बहुधा थांबते, कारण भूतकाळाचे ‘ई-डी’, अनेकवचनाचे ‘एस’ आणि कर्तृवाचक ‘ई-आर’ ही इंग्रजी व्याकरणाची रोजची हत्यारे सगळी डावीकडे आहेत.

पाचही स्वराक्षरे वर्णानुक्रमाने, प्रत्येक एकदाच, आली पाहिजेत अशी अट घातली तर ‘फसीशस’ (थट्टेखोर) आणि ‘ॲब्स्टीमियस’ (मिताहारी) हे दोन प्रसिद्ध शब्द मिळतात. या योगायोगाचे मोठे कौतुक होते, पण तो निम्माच योगायोग आहे. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या विशेषणांच्या शेवटी ‘आय-ओ-यू-एस’ हा प्रत्यय तयारच असल्याने तीन स्वर फुकट मिळतात आणि त्याआधी ‘ए’ व ‘ई’ क्रमाने येण्याचीच काय ती वाट पाहायची उरते. ‘सबकॉन्टिनेन्टल’ (उपखंडीय) या शब्दात मात्र पाचही स्वर उलट्या क्रमाने, प्रत्येकी एकदाच येतात, आणि ते खरे नवल आहे.

एखादे अक्षर टाळण्याच्या अटीला लिपोग्राम म्हणतात. इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ वगळूनही ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ (एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे) हा 29 अक्षरी शब्द उभा राहतो, कारण लॅटिनच्या ‘फिकेशन’ या शेपटीला ‘ई’ लागतच नाही. याउलट ‘डिफेन्सलेसनेस’ (असंरक्षितता) या शब्दाच्या इंग्लंडमधील वर्णलेखनात पंधरा अक्षरे असून स्वर केवळ ‘ई’ आहे. ‘लेस’ आणि ‘नेस’ हे त्याचे दोन्ही प्रत्यय अस्सल जर्मानिक कुळातले आहेत. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गॅड्सबी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ‘ई’ न वापरता लिहिली, तेव्हा त्यांना सर्वाधिक जाच झाला तो भूतकाळाच्या ‘ई-डी’ प्रत्ययाचा. संस्कृत परंपरेला ही कसरत अपरिचित नाही: दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असल्याने तो आपली सारी हकिगत ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, वर्ण टाळून सांगतो. तेथे अटीला कथेतच कारण दिले आहे, आणि ती सफाई राइट यांना साधलेली नाही.

एकही अक्षर दोनदा येऊ नये, ही अट सर्वांत कडक म्हणावी लागेल. ‘अनकॉपीराइटेबल’ आणि ‘डर्मेटोग्लिफिक्स’ हे पंधरा अक्षरी शब्द तिला उतरतात. त्यांपैकी दुसरा, त्वचेवरील रेषांच्या अभ्यासाचे हे नाव, हॅरॉल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी 1926 मध्ये ग्रीक धातूंपासून घडवला. आज संगणकाला शब्दयादी दिली, की असे शब्द तो क्षणार्धात निवडून देतो; वाद उरतो तो यादी कोणती धरायची याचा. ‘सबडर्मेटोग्लिफिक’ हा सतरा अक्षरी शब्द सर्व अटी पाळतो, तथापि सामान्य शब्दकोशांत तो आढळत नसल्याने काटेकोर शौकीन त्याला बाद करतात, आणि उदार शौकीन त्यालाच विजेता मानतात.