पिवळं की स्पिटफायर?

यवत मागे पडल्यावर सोलापूर रस्ता सोडून आत वळलं की हा माळ लागतो. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ज्वारी, मधे गुरांनी चरून आखूड केलेलं गवत. डिसेंबरची सकाळ आहे. वेळूच्या काठीला बांधलेली लाल फीत जेमतेम हलते आहे. ताडपत्रीवर रिमोटवर उडणारी तीन विमानं शेजारी शेजारी मांडली आहेत आणि डिप्लोमाला शिकणारी एक मुलगी त्यांतल्या एकावरून नजर काढायला तयार नाही.

ते आहे स्पिटफायर. फोमचं, पंखांचा पसारा 1.2 मीटर, करडा-हिरवा रंग, दुमडणारी चाकं. 5 मार्च 1936 ला पहिल्यांदा उडालेलं हे लढाऊ विमान पुढे काश्मीरच्या 1947-48 च्या युद्धात आपल्या हवाई दलाकडेही होतं. पंखांचा तो लंबगोल आकार एकदा पाहिला की डोळ्यांतून जात नाही. मालकाला ते विकायचं आहे. मुलीने शिकवणी वर्गाच्या कामातून पैसे साठवले आहेत आणि दुसरं विमान आजच घ्यायचं असं ठरवून ती वडिलांच्या गाडीवर मागे बसून आली आहे.

शेजारचं पिवळं विमानही विकाऊ आहे. त्याचं कुठल्याही खऱ्या विमानाशी नातं नाही. पंख खाली, बुडापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, फळीसारखा सरळ. वरून पिवळं, खालून काळे रुंद पट्टे. तिसरं तिचं स्वतःचं ट्रेनर, ज्यावर ती शिकली. त्याच्या नाकावर गोंदाचे डाग आहेत.

काका हातात वजनकाटा घेऊन बसले आहेत. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. इथे येणारा प्रत्येक नवखा त्यांच्या हाताखालून जातो.

"दिसतं कसं ते नंतर," ते म्हणतात. "आधी वजन."

पिवळं 1500 ग्रॅम भरतं. स्पिटफायर 1650. फरक फारसा नाही, असं मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मग काका पट्टी काढतात आणि पंखांचं क्षेत्रफळ तिलाच काढायला लावतात. पिवळ्याचं सोपं आहे: 130 सेंटीमीटर गुणिले 25, म्हणजे साडेबत्तीस चौरस डेसिमीटर. स्पिटफायरचं लंबगोल म्हणून वेळ लागतो, पण 22 च्या आसपास येतं. आता भागाकार. पिवळ्याच्या पंखाला दर चौरस डेसिमीटरला 46 ग्रॅम उचलायचे आहेत, स्पिटफायरच्या पंखाला 75.

"म्हणजे?" वडील विचारतात.

"म्हणजे तरंगत राहायला याला सव्वापटीहून जास्त वेग लागणार," मुलगी म्हणते. वर्गमूळ तिने मनातच काढलं आहे. "उतरताना सुद्धा."

"उतरताना सुद्धा," काका म्हणतात आणि उठतात.

माझं काम आकाशावर आणि वाटेवर नजर ठेवायचं. घार आली, गुराखी आला, की ओरडायचं. काकांनी फोनवर नकाशा पुन्हा तपासला आहे, पट्टा हिरवा आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे इथे 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवणं बंधनकारक.

पहिल्यांदा ट्रेनर वर जातं. मुलीचा हात बसलेला आहे. दोन वळणं झाल्यावर काका म्हणतात, "डावीकडे कलव आणि हात सोड." ती अंगठे उचलते. विमान क्षणभर कललेलं राहतं, मग आपणहून सावरत सरळ होतं. ट्रेनरचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले. विमान कलून एका बाजूला घसरू लागलं, की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि तो वर येतो. शिकणाऱ्याच्या अर्ध्या चुका हा उचललेला पंख निस्तरतो.

आता पिवळं. काका ते स्वतः वर नेतात, तसंच डावीकडे कलवतात आणि अंगठे काढून हात वर करतात. विमान कललेलंच राहतं. नाक हळूहळू खाली, वर्तुळ घट्ट होत जातं, पण सरळ व्हायचं त्याच्या मनातही नाही. ठेवलं तसं राहणारं विमान. मुलगी हे एकटक बघते आहे. स्पिटफायरकडे पाठ करून ती पहिल्यांदाच उभी आहे, हे माझ्या लक्षात येतं.

या छंदातून माणसं गळतात ती बहुधा याच टप्प्यावर, असं माझं मत आहे. ट्रेनर जमलं की वाटतं, उडवायला आलं. खरं तर ट्रेनरने सांभाळून घेतलं तेवढं आलेलं असतं. मग कुणी थेट लढाऊ विमान आणतो, पहिल्याच लँडिंगला ते मोडतं, आणि खोक्यात घालून माळ्यावर टाकलं जातं. पैशांपेक्षा धीर गेल्याचं दुःख मोठं असतं. दुसरं विमान निवडताना म्हणून मी एकच प्रश्न पुढे ठेवीन: हे घरी परत येताना किती हळू येतं?

स्पिटफायरचा मालक दिलदार आहे. विकायला आणलेलं विमान तो स्वतः उंचावर नेतो आणि सांगतो, "बघ, लपवत नाही." थ्रॉटल बंद. नाक थोडं थोडं वर. वेग संपतो आणि एकाएकी डावा पंख गळतो, विमान पाठीवर होऊन अर्धा पिळा खात खाली येतं. उंची भरपूर आहे म्हणून तो ते सहज सावरतो. टोकाशी अरुंद झालेला पंख मंद वेगात आधी साथ सोडतो. खऱ्या विमानात टोकाकडे पंखाला पीळ देऊन यावर उपाय केलेला होता, पण मॉडेलमध्ये ते टोक फारच चिमुकलं असतं. हेच जमिनीपासून दहा फुटांवर झालं तर हाताशी वेळच नसतो.

पिवळ्याला काका तीच परीक्षा देतात. ते नाक वर धरून डुलतं, डुलतं आणि मग नाकच सरळ खाली टाकतं. पंख समान राहतात. थोडा थ्रॉटल, आणि पुन्हा उडू लागतं.

"तू घे," म्हणून काका रिमोट मुलीच्या हातात देतात. एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) यांचा पल्ला त्यांनी साठ टक्क्यांवर आणून ठेवला आहे, म्हणजे अंगठा दचकला तरी विमान दचकणार नाही. ती वळण घेते आणि बाहेर यायला उशीर करते, कारण हाताला सवय आहे विमान स्वतः सरळ होण्याची. "उलटा एलरॉन दे, अगं, ते तुझ्यासाठी काही करणार नाही!" दुसरं वळण बरं. चौथं गोल. विमान तिच्याकडे तोंड करून येऊ लागतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि इथे ते काळे पट्टे कामाला येतात: पोट दिसतंय की पाठ, हे लांबूनही कळतं. स्पिटफायरचा करडा रंग आकाशात विरघळत होता, हे तीच मोठ्याने बोलते.

मग काका तिला विमान उलटं करायला सांगतात. ट्रेनरचा पंख खालून सपाट, तो उलटा झाला की एलिव्हेटर बराच ढकलून धरावा लागतो. पिवळ्याचा पंख वर-खाली सारखाच फुगीर आहे, त्याला जरासा रेटा पुरतो. मुलगी हसते, जोरात, वडिलांकडे न बघता.

लँडिंग. पहिल्या खेपेला ती फार वेगात येते, फीत ओलांडते. "सोड, वर जा, फेरी मार." ती फेरी मारते. दुसऱ्या खेपेला लांबून, थोडा थ्रॉटल ठेवून, नाक न उचलता. चाकं टेकतात, एक उसळी, मग शेपटीचं छोटं चाक. या विमानाची पुढची चाकं एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून ओबडधोबड गवतावरही ते कलंडत नाही. स्पिटफायरचे पाय धडालगत, जवळजवळ असतात. खऱ्या विमानातही तसेच होते.

वडील आता खाली बसून पिवळ्याचं पोट तपासत आहेत. "पडलं तर?"

"फोम आहे. इपॉक्सी, टेप, आणि तासभर," काका सांगतात. "बॅटरी ट्रेनरचीच चालेल, तीन सेलची 2200. त्या दुसऱ्याला चार सेलची नवी घ्यावी लागेल, चार्जर पण बघावा लागेल."

वडील स्पिटफायरच्या मालकाकडे बघतात, जरा ओशाळून. तो हात हलवतो. "ठेवतो मी अजून. ताईला हवं तेव्हा सांगा."

व्यवहार ताडपत्रीवरच होतो. मुलगी नोटा मोजून देते आणि लगेच बॅटरी बदलून पुन्हा तयार. या वेळी टेकऑफही तिचाच. थ्रॉटल एकदम दिल्यावर विमान डावीकडे ओढतं; पंख्याचा पीळ आणि शेपटीवर आदळणारी हवा, दोन्ही तिकडेच ढकलतात. ट्रेनरच्या नाकाखालच्या चाकाने हे कधी जाणवू दिलं नव्हतं. काका ओरडतात, "उजवा रडर! डावा अंगठा कशाला दिलाय देवाने!" ती रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, वळवते, विमान वाकडंतिकडं धावत सरळ होतं आणि उचललं जातं.

उतरल्यावर ती धापा टाकत येते, विमान उलटं करते, पंखाच्या पुढच्या कडेपासून 7 सेंटीमीटरवरच्या खुणेखाली दोन बोटं धरून ते तोलते. नाक खाली झुकतं.

"काका, नाक जड वाटतंय. लँडिंगला एलिव्हेटर खूप ओढावा लागला. बॅटरी मागे सरकवू?"

काका तिच्या बोटांकडे बघतात. "पाच मिलिमीटर. त्याच्या वर नाही. आणि पहिली फेरी उंचावर."

ती पट्टा सैल करते आणि पेन्सिलने बॅटरीची जुनी जागा आखून घेते.