शाळेच्या खिडकीत पेरणी

वाटेवर सांडलेलं बी पाखरं टिपतात. मुरमाड जागेत उगवलेलं दोन दिवसांच्या उन्हात करपतं. काटेकुटे माजले की त्यात बिचारं रोप गुदमरतं. चांगल्या जमिनीत पडलेलं मात्र पदर भरून देतं. हे तुम्हाला कुणी सांगायला नको. बायबलमध्ये येशूने सांगितलेली ही पेरणाऱ्याची गोष्ट इंग्लंडातल्या एका शाळेने चक्क खिडकीत बसवली आहे, रंगीत काचेत.

शाळा ईटनची. थेम्स नदीकाठची, राजा सहावा हेन्री याने १४४० साली काढलेली. डिसेंबर १९४० मध्ये तिच्यावर जर्मन बाँब पडला. प्रार्थनेचं मंदिर, म्हणजे चॅपेल, उभं राहिलं. पण जवळपास सगळ्या जुन्या रंगीत काचा फुटल्या. आपल्याकडे शाळेचं तावदान फुटलं की पुठ्ठा लागतो आणि पुढची पाच वर्षं तो पुठ्ठाच राहतो. तिथे साधी पांढरी काच लावली असती तरी भागलं असतं, उजेड उलट जास्तच आला असता. जुन्याची नक्कलही करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. आपल्या काळातल्या चित्रकारांना बोलावलं.

पूर्वेची मोठी खिडकी एव्ही होन या आयरिश बाईंकडे गेली. लहानपणी पोलिओने अधू झालेल्या या बाईंनी १९५२ पर्यंत ती पुरी केली. बाजूच्या आठ खिडक्यांची चित्रं जॉन पायपर यांनी काढली आणि १९५९ ते १९६४ या काळात पॅट्रिक रेंटिएन्स यांनी ती काचेत उतरवली. चार खिडक्यांत येशूचे चमत्कार, चारांत दृष्टांत : मापाखाली झाकलेला दिवा, खडकावरचं घर, हरवलेलं मेंढरू आणि आपला पेरणारा.

आता हे काम होतं कसं? काचेवर नुसता रंग फासलेला नसतो बरं का. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूची भुकटी मिसळतात. कोबाल्ट घातलं की निळी होते. मग खिडकीएवढ्या कागदावर चित्र काढायचं, त्याबरहुकूम तुकडे कापायचे. बारीक रेघा, छाया काढून तुकडे भट्टीत भाजायचे, म्हणजे रंग काचेशी एकजीव होतो. दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत ते बसवून सांधे कथलाने जोडायचे. शिसं मऊ, वाऱ्याने खिडकी फुगू नये म्हणून आडव्या सळया लागतात. आणि शिसं कायमचं नाही. शंभरेक वर्षांनी पट्ट्या बदलाव्या लागतात.

एवढ्या लांब जाणं काही आपल्याला जमायचं नाही. पण हायकोर्टाच्या कामाला मुंबईला गेलात, तर शेजारीच राजाबाई टॉवर आहे. तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या रंगीत काचा २०१५ साली दुरुस्त झाल्या. आत सोडत असतील तर दिवसाउजेडी जा. बाहेरून काळपट दिसतात म्हणून मागे फिरू नका.