गर्भपाताची गोळी मेडिकलमधून आणण्याआधी

रामाकोना : पाळी चुकली आणि मूल नको असेल, तर मेडिकलमधून ‘किट’ आणून गुपचूप घेणे सोपे वाटते. गोळी वाईट नाही. तपासणीशिवाय घेतलेली गोळी मात्र जिवावर बेतू शकते.

किटमधली पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ पडतो. कायद्याने हे ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जाते, मळमळ, जुलाब, थंडी-तापही होतो. थोडेथोडे रक्त दोन आठवडे जाऊ शकते.

खरी गोम पुढे आहे. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्त जाते, बाईला वाटते काम झाले, आणि आत नळी फुटते. म्हणून आधी तपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी. एका बाजूला जोरात दुखणे, चक्कर, तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजणे, दिवसभर न उतरणारा ताप किंवा घाण वास, यातले काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. अंगात आधीच रक्त कमी असेल तर धोका वाढतो.

दुसरा उपाय सक्शनचा. साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत नळीने पिशवी रिकामी करतात, काही मिनिटांचे काम. पिशवीला इजा किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो. धारदार अवजाराने खरवडण्याची जुनी ‘क्युरेटिंग’ पद्धत जागतिक आरोग्य संघटना आता नको म्हणते. दिवस वाढतात तसा धोका वाढतो. १२ आठवड्यांनंतर मोठे रुग्णालयच बरे. नीट केलेल्या गर्भपाताने पुढे मूल होत नाही, हा मात्र गैरसमज.

अपात्र हातांत काय होते, ते कर्नाटकच्या सीमेवरील म्हैसाळने (जि. सांगली) २०१७ मध्ये दाखवले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरकडे गर्भपातात विवाहितेचा जीव गेला. तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले.

कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे सौंसरला जा की नागपूरला, नियम तेच. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बाई सज्ञान असेल तर तिचीच सही लागते, नवऱ्याची नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. आणि पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधकाचे त्याच भेटीत विचारावे.