नेत्रांतर्गत इंजेक्शन आणि जंतुसंसर्गाचा प्रतिबंध

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकारात डोळ्यातील काचाभ द्रवात औषध टोचले जाते. त्यानंतर जंतुसंसर्ग काही हजारांत एखाद्यासच होतो. परंतु झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. हे जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरील वा नेत्रश्लेष्मलेवरील असतात. म्हणून टोचण्यापूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालणे हा प्रमुख उपाय होय. नेत्रशस्त्रक्रियेतील त्याची उपयुक्तता स्पीकर व मेनिकॉफ यांनी १९९१ मध्ये दाखवून दिली. सुईचा पापण्यांना स्पर्श होता कामा नये. तोंडातील स्ट्रेप्टोकोकस विशेष घातक असल्याने मास्क वापरावा अथवा मौन पाळावे. प्रतिजैविक थेंबांचा अतिरिक्त लाभ मात्र सिद्ध झालेला नाही. उलट वारंवार वापराने प्रतिरोधी जंतू बळावतात. इंजेक्शननंतर वेदना, लाली वा धूसरता वाढल्यास रुग्णाने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे अत्यावश्यक आहे.